अनेहो अर्ध्या दिवसात

अनेहो,
९ जून

चि. देदे हिस,

पत्राच्या वरच्या बाजूला आशीर्वाद लिहायचे असतात. ते मी आज मुद्दाम शिल्लक ठेवले आहेत. आधी जे सांगायचं ते सांगते, मग उरले तर देईन.

माझी तब्येत बरी आहे. गुडघे आहेत तसेच आहेत. तुझ्या बापाने मार्सेयहून पाठवलेलं मासिक काल पोचलं. 'समुद्रकाठचा विसरलेला चिमुकला देश: आवर्जून पाहावीत अशी पाच शहरं.' खाली तुझं नाव आणि हसरा फोटो. शेजारची आफी शिलाई मशीन तसंच सोडून धावत आली, "मादाम, आपली देदे छापून आली!" मी चष्मा पुसून अभिमानाने वाचायला बसले. अभिमान पहिल्या ओळीपर्यंत टिकला.

विसरलेला! कोण विसरलं गं? आम्ही इथे रोज सकाळी उठतो, मासळीवालीशी भांडतो, वीज गेली की सरकारला शिव्या देतो. आम्हाला आमचा देश पक्का आठवतो. विसरलात तुम्ही लोक, आणि ठपका मात्र टोगोवर.

लोमेबद्दल लिहितेस, "सूर्य मावळताना समुद्राच्या वाळूत निवांत फेरफटका मारा." हातात फोन आणि खांद्याला पर्स अडकवून तू एकदा मारून दाखव. निवांतपणा कसा पळत सुटतो ते कळेल. मोठ्या बाजारातल्या कापडवाल्या बायका म्हणे हसतमुख आणि अगत्यशील. माझी सख्खी मावशी त्या बाजारात कापड विकायची. गिऱ्हाइकाने थान उलगडायला लावून न घेता पाठ फिरवली, की ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि तोही असा की शेजारच्या दुकानातल्या बायका ऐकायला यायच्या. हे लिहिलं असतंस तर लोक लोमे बघायला धावले असते.

क्पालिमेला फुलपाखरं आहेत, असं लिहिलंस. आहेत. माणसंही आहेत. माझी पहिली नोकरी त्या गावात झाली. अंगणाअंगणात कॉफीच्या बिया वाळत पडलेल्या असायच्या आणि त्यांवर पाय पडला म्हणून म्हाताऱ्या काठी घेऊन मागे लागायच्या. तुला फक्त धबधबा दिसला. आताक्पामे सात टेकड्यांवर वसलंय, हे तर शाळेच्या भूगोलात आहे, त्यासाठी तुला पाठवायची काय गरज होती?

आणि सोकोदे. देदे, सोकोदेला तू गेलीच नाहीस. ज्या शनिवारी तू तिथल्या मशिदीसमोर चहा घेतल्याचं इतकं रंगवून लिहिलं आहेस, त्या शनिवारी तू माझ्या स्वयंपाकघरात पाय वर घेऊन बसली होतीस आणि चवळीच्या भज्यांचा फडशा पाडत होतीस. भजी मी तळली होती. मला सांगू नकोस.

आता आपलं गाव. अनेहोला तू पाचवा नंबर दिलास. "सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये पेंगत पडलेलं जुनं गाव. जर्मनांच्या काळातलं चर्च, एक पूल, काही होड्या. अर्ध्या दिवसात सहज आटपतं." आटपतं! ज्या गावात तुझ्या बापाने चालायला शिकायला वर्ष लावलं, ते तू अर्ध्या दिवसात आटपलंस. शिवाय शेजारच्या ग्लिजीत नव्या वर्षाला पुजारी "पवित्र दगड रंगवतात" म्हणे. कोणी रंगवत नाही. तो पवित्र वनातून ज्या रंगाचा निघतो त्यावरून वर्ष कसं जाणार ते ठरतं, आणि पांढरा निघाला की सगळा मुलूख मोकळा श्वास घेतो. मी चर्चमध्ये गाणारी बाई आहे, मला त्या दगडाशी देणंघेणं नाही. पण चूक ती चूक.

राहिलं शेवटचं पान. त्याविषयी मी फार लिहिणार नाही.

सरोवराच्या कठड्यावर एक कापड पसरलं आहे, त्यावर वीतभर उंचीची लाकडी बाहुली. मागे होड्या. खाली ओळ: "स्थानिक हस्तकला. घासाघीस जरूर करा. चेहरा जितका झिजलेला, तितका नग जुना आणि मोलाचा."

ही वस्तू माझ्या घरातली आहे. माझ्या कपाटातून, वरच्या फळीवरून, इस्टरला टेबलावर घालायच्या चादरीच्या मागून तू ती काढलीस आणि मला विचारलं नाहीस. विचारून घ्यायची रीत तुला कुणी शिकवली नाही असंही म्हणता येत नाही, कारण मीच शिकवली होती. वस्तू क्षुल्लक आहे. प्रश्न शिस्तीचा आहे. ती परत पाठव. टपालाने नको, टपालातले लोक खोकी फेकतात. येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठव, आणि हाती म्हणजे हातातच.

आशीर्वाद अजून शिल्लक आहेत.

मारी-क्लोतिल्द,
निवृत्त मुख्याध्यापिका

ता. क. ती सध्या कुठे आहे? उभी ठेवली आहे की आडवी?


अनेहो,
१५ जून

देदे,

तुझा फोन आला आणि मी मध्येच ठेवला. लाईन तुटली नव्हती, मी ठेवला. फोनवर मी रागावले की तू रडतेस, आणि तू रडलीस की मला रागावता येत नाही. म्हणून पुन्हा पत्र. आधीसारखेच आफी पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. ती समोर बसली आहे. म्हणते, "मादाम, लिहिताना टेबल बडवू नका, अक्षर हलतंय."

तू काय म्हणालीस ते मी पुन्हा लिहून काढते, म्हणजे तुला ते दुसऱ्याच्या अक्षरात कसं दिसतं ते कळेल. "आत्या, एवढं काय झालं? मला वाटलं तुला गंमत वाटेल. ती आमच्या संपादकांकडे आहे, काचेच्या कपाटात, अगदी नीट. महिनाअखेरीला वाचकांची सोडत आहे. पहिलं बक्षीस लोमेचं विमानाचं तिकीट, दुसरं बक्षीस ती."

दुसरं बक्षीस! कुठल्यातरी गावचा दातांचा डॉक्टर तिला जिंकणार आणि टीव्हीशेजारी, चिनी मांजराच्या बाजूला उभी करणार. वर तू म्हणालीस, "हवी तर मी तुला लोमेच्या बाजारातून तशीच दुसरी आणून देते."

तशीच दुसरी. बाजारात झिजलेल्या चेहऱ्यांच्या ज्या मिळतात, त्या कुठून येतात असं वाटतं तुला? सुतार काय झिजवून विकतो? कुणीतरी धुणारी मरते, नाहीतर कुणाचं घर विकलं जातं, नाहीतर कुणाच्या भाचीने न विचारता कपाट उघडलेलं असतं.

चेहरा झिजतो तो धुतल्याने. रोज सकाळी कोमट पाणी आणि बोटांनी, आधी कपाळ, मग डोळे, मग गाल, जसं लहान मुलाचं तोंड धुतात तसं. आधी माझ्या आईच्या बोटांनी, नंतर माझ्या. नाक गेलं ते आईच्या हयातीतच गेलं होतं. ओठ मी घालवले. आणि तू त्याखाली छापलंस की घासाघीस करा.

तुझ्या बापाचं नाव एदो का, हे तू आयुष्यात कधी विचारलंस? इथल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचार. एदो म्हणजे जुळ्यांच्या पाठीवर झालेला. मग जुळी कुठे आहेत? एक तुझ्यासमोर टेबल बडवते आहे. माझं शाळेतलं नाव मारी-क्लोतिल्द. घरातलं अकुएले, म्हणजे जुळ्या मुलींतली आधी आलेली. माझ्यामागून अकोको आली. आम्ही रांगत होतो तेव्हा गावात ताप आला. मी राहिले, ती गेली.

आमच्याकडे अशा वेळी काय करतात ते तुझ्या मासिकाला माहीत नाही आणि मी सांगणार नव्हते. पण आता सांगते. आईने सुताराकडून तिला लाकडात घडवून आणलं. तेव्हापासून मला जे मिळालं ते तिलाही मिळालं. मला फ्रॉक शिवला की उरलेल्या तुकड्याचं तिला कापड. मला पाम तेलातली चवळी, तिच्यापुढेही वाटी. एक जुळं उपाशी राहिलं की दुसऱ्याला घास गिळवत नाही, असं आई म्हणायची. तुझा बाप लहानपणी स्वतःच्या ताटातला माशाचा तुकडा तिच्या वाटीत ठेवायचा आणि मग कुणी बघत नाही असं पाहून परत खायचा.

मग मी कॉन्व्हेंटमध्ये गेले. सिस्टर बेनेदिक्त म्हणायच्या, असल्या मूर्ती घरात ठेवणं म्हणजे सैतानाला जेवायला बोलावणं. मी वर्गात सगळ्यांच्या आधी मान डोलवायची. रविवारी आई भेटायला यायची. अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली ती सिस्टरांकडे पाठ करून बसायची आणि नेसूच्या गाठीतून अकोकोला काढून माझ्या हातात द्यायची. सिस्टर दुरून विचारायच्या, "आईने जपमाळ आणली वाटतं?" मी म्हणायची, "हो, सिस्टर."

आयुष्यभर मी तेच "हो, सिस्टर" म्हणत आले. शाळेत मुलांना सांगितलं की या सगळ्या अडाणी समजुती आहेत. तू लहान असताना सुट्टीत आलीस, कपाटात डोकावलीस, तेव्हा तुलाही म्हणाले, "लाकूड आहे नुसतं, ठेव तिथे." म्हणाले असेन. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुख्याध्यापिका दुसरं काय म्हणणार? पण तुला डोळे होते ना? नुसत्या लाकडाला कुणी कपाटात बसायला चिमुकली खुर्ची देतं का? नुसत्या लाकडाच्या गळ्यात मणी घालतं का?

इस्टरला तू इथे होतीस तेवढे दिवस मी तिला बाहेर काढलं नाही. तुझी टॅक्सी कोपऱ्यावर वळली आणि मी पहिलं कपाट उघडलं. रिकामी खुर्ची. मग मी काय करणार होते? तुला फोन करून विचारलं असतं, तर काय हरवलंय ते सांगावं लागलं असतं. घर झाडायला येणाऱ्या आब्लाचा संशय घेतला. त्या पोरीशी मी इस्टरपासून धड बोलले नाही आणि ती बिचारी माझ्या काढ्यासाठी लिंबाचा पाला आणत राहिली. हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अँथनीला मेणबत्त्या लावल्या. त्यांनाही पुरतं सांगितलं नाही. म्हटलं, "एक वस्तू हरवली आहे." ते तरी काय शोधणार?

तुझा बाप दर वर्षी मार्सेयला बोलवायचा आणि मी गुडघे पुढे करायचे. गुडघे चांगले आहेत. आजही चर्चच्या पायऱ्या मी तुझ्याआधी चढेन. पण तिला इथे कुणाकडे ठेवू, आणि बरोबर घेतलं तर विमानतळावरच्या माणसाने बॅग उघडून तिला सगळ्यांसमोर उचललं असतं, तर मी काय म्हणणार होते?

हे लिहून होईपर्यंत आफी वाचत होती. वाचायचं नसतं हे तिला सांगून मी थकले. तिच्या स्वतःच्या घरात जुळी आहेत, दिवसभर भांडतात. मी पान झाकलं तर म्हणाली, "झाकता कशाला, मादाम? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"अकोको. सकाळी तुमच्या पडद्याच्या फटीतून दोन वाट्या दिसायच्या. आम्ही इकडे बघायचं नाही असं ठरवलंय, तुम्हाला लाज वाटते म्हणून."

गल्लीने ठरवलं! माझ्या घरात काय दिसतं आणि काय दिसत नाही ते गल्ली ठरवते, आणि मी इतकी वर्षं पडदा ओढत बसले. देदे, मला कोणाचा जास्त राग आला आहे तेच कळेनासं झालंय. पण तुझा नंबर अजून पहिला आहे.

सोडतीला काही द्यायचंच असेल तर त्या संपादकाला त्याची स्वतःची आजी काचेत ठेवायला सांग. आणि बाजारातून दुसरी आणून तिच्या जागी ठेवायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाक. ती दुसऱ्या कुणाची तरी अकोको आहे.

माझ्या घशाखाली अन्न उतरत नाही. इस्टरपासून.

आत्या


अनेहो,
२७ जून

देदे,

काल एदोचा फोन आला. त्याच्या आवाजावरून मला वाटलं कुणी गेलं. म्हणाला, "ताई, पोरीने नोकरी घालवली."

"कशी घालवली?"

"संपादकाच्या ऑफिसात गेली, काचेचं कपाट उघडलं आणि घेतलं अकोकोला. तो म्हणाला, अहो, बक्षीस जाहीर झालंय, वाचकांना काय सांगू? तर ही म्हणते, काहीही सांगा, ही माझी आत्या आहे."

"मग?"

"मग काय, त्याला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. पोरगी तिला कोटाच्या आत धरून चालत घरी आली. आता स्वयंपाकघरात टेबलावर बसवलंय. मी समोर बसलोय, ताई. मार्सेयला आलो त्यानंतर मी हिला पाहिलंच नव्हतं. किती छोटी आहे गं. मला मोठी आठवत होती." आणि हा साठी उलटलेला, गोदीत क्रेन चालवलेला माणूस फोनवर हुंदके देऊन रडायला लागला.

मी म्हटलं, "रडतोस काय? आधी तिला पाणी दे. आणि तिच्या वाटीतलं परत खाऊ नकोस."

तू हे केलंस म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. तू तिला मोज्यांत गुंडाळून सुटकेसमध्ये घालून नेलंस हेही एदोने सांगितलं. मोज्यांत! धुतलेले तरी होते का? नोकरीबद्दल मला वाईट वाटत नाही. न गेलेल्या गावी चहा पिणाऱ्या मासिकात काम करून तुझं काही भलं होणार नव्हतं. दुसरी मिळेल. मिळाली नाही तर इथे आमच्या शाळेला फ्रेंचचा शिक्षक नाही, आणि तुझं व्याकरण, मान्य करावं लागेल, निर्दोष आहे. तेही मीच शिकवलं.

तू येत्या शुक्रवारच्या विमानाने निघते आहेस म्हणे. ऐक. तिला सामानात टाकायचं नाही. मांडीवर घ्यायचं, तोंड पुढे करून, म्हणजे तिला दिसेल. तपासणीच्या पट्ट्यावर ठेवायलाच लावलं तर पाठीवर ठेव, पालथी नाही. तिथल्या माणसाने विचारलं की हे काय आहे, तर तू संपादकाला सांगितलंस तेच सांग आणि त्याच्या डोळ्यांत बघत सांग. मला ते आयुष्यात जमलं नसतं. विमानात जेवण आलं की थोडं तिच्यापुढे कर. बेचव असतं असं ऐकते, पण विचारल्याशिवाय जेवायचं नाही. लोमेला उतरलीस की वाळूत फिरायला जाऊ नकोस. सरळ गाडी पकड आणि आपल्या पुलाशी उतर. पूल आला की तिला सांग, आलं बरं का.

इथे आफीने एकाच थानातून कापडं शिवून ठेवली आहेत, निळ्यावर पिवळे पक्षी. एक माझं, एक तिचं वीतभर. मी विचारलं, "पैसे किती?" तर म्हणते, "जुळ्यांचं काम आहे, मादाम, घेतले तर माझ्याच घरातली जुळी आजारी पडतील." मी म्हटलं, "अडाणी समजुती!" ती हसली, मीही हसले, तोंड दुसरीकडे करून. आब्लाला मी खुर्ची पुसायला दिली आणि ती कशासाठी आहे तेही सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे. मी झाडताना रोज तिला नमस्कार करायचे." म्हणजे या घरात फक्त मलाच माहीत नव्हतं की सगळ्यांना माहीत आहे.

खुर्ची आता कपाटात नाही. खिडकीशी टेबलावर आहे, पडदा बाजूला केला आहे. रविवारी फादर कॉफीला येतात. त्यांना दिसेल. त्यांनी विचारलं तर मी त्यांना एक पेला जास्त मांडायला सांगेन.

तू लिहिलंस की अनेहो अर्ध्या दिवसात आटपतं. अर्ध्या दिवसासाठी आलीस तर दार उघडणार नाही. परतीचं तिकीट काढलं असशील तर रद्द कर. तुला कोमट पाणी किती कोमट लागतं ते शिकवायचं आहे, आधी कपाळ, मग डोळे. माझ्यामागून ते कुणाला तरी करावं लागेल, आणि गल्लीवर मी सोडणार नाही.

चवळी आज रात्री भिजत घालते, शुक्रवारपर्यंत रोज घालीन, विमानांचा काय भरवसा. राखून ठेवलेले आशीर्वाद दारात देईन. तू उंबऱ्यातच थांब, ती हातात असू दे, म्हणजे एकदम दोघींना देता येतील.

तुझी थोरली आत्या,
अकुएले